कुंडी ओली, तरी काडी का सुकते?

वाचकाचं पत्र: मी जुळे सोलापुरात राहते. मे महिन्यात माहेरी, अक्कलकोटला गेले होते. येताना आईच्या अंगणातल्या मोगऱ्याच्या आणि लाल जास्वंदीच्या काड्या आणल्या. ते घर विकायचं ठरलंय, दिवाळीनंतर ताबा द्यायचा आहे, म्हणून ती झाडं आपल्याकडे असावीत असं वाटतं. काळ्या मातीत काड्या लावून गॅलरीत ठेवल्या. सासूबाई म्हणाल्या, दोन्ही वेळा पाणी घाल. तसं घातलं, तर पानं गळाली आणि काड्या बुडाशी काळ्या पडल्या. पुन्हा काड्या आणल्या, या खेपेला पाणी बेतानं दिलं, तर वाळून कोळ झाल्या. मुलगा म्हणतो, सरळ पेल्यात पाणी घेऊन त्यात ठेव. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, मधे बोअरचं वापरतो. पाणी नेमकं किती घालायचं? दीर सांगोल्याला असतात, त्यांच्या बागेतली डाळिंबाची काडीही लावायची इच्छा आहे. ती कधी लावू?

उत्तर:

ताई, आईच्या अंगणातली झाडं आहेत, तेव्हा नर्सरीतून नवी आणा असं मी तुम्हाला सांगणार नाही. दिवाळीला अजून अवकाश आहे, पावसाचे दिवस सुरू झालेत, आणि मोगरा-जास्वंद ही दोन्ही काडीवर येणारी झाडं आहेत. हे काम नक्की होईल.

एका खेपेला काड्या कुजल्या, दुसऱ्या खेपेला वाळल्या, त्यामुळे तुम्हाला वाटतंय की आधी पाणी जास्त झालं, मग कमी पडलं, आणि बरोबर माप मधे कुठेतरी असेल. मला मात्र तुमचं पत्र वाचून वाटतं की दोन्ही खेपांना काड्या तहानेनंच गेल्या. पहिल्या वेळी कुंडीत चिखल होता तेव्हासुद्धा.

फांदी झाडावर असते तेव्हा पानातून जेवढं पाणी वाफ होऊन उडतं तेवढं मुळं खालून पुरवत राहतात. काडी कापली की पुरवठा तुटतो, पानांचा खर्च मात्र चालूच राहतो. कापलेल्या टोकातून थोडं पाणी वर चढतं, पण तेही दिवसागणिक कमी होत जातं, कारण जखम बुजायला लागते, चीक साकळतो, काडीतल्या पाणी वाहणाऱ्या बारीक नळ्यांमध्ये हवा शिरते. मुळं यायला मोगऱ्याला महिना-दीड महिना, जास्वंदीला तीन ते पाच आठवडे लागतात. एवढे दिवस काडीला अंगच्या ओलीवरच काढायचे असतात. अशा वेळी खाली तांब्याभर पाणी ओतलं तरी ते पिणार कोण? काडीला वाचवायचं तर पानातून उडणारं पाणी थांबवावं लागतं, आणि ते थांबतं पानाभोवतीची हवा दमट ठेवल्यावर.

आता आपल्या सोलापूरची हवा बघा. एप्रिल-मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता 25 टक्क्यांच्या आसपास उतरते आणि पारा चाळिशी ओलांडतो. पानं असलेल्या काडीला मुळं फुटेपर्यंत 80-90 टक्के आर्द्रता लागते. मे महिन्यात उघड्या गॅलरीत ती काडी टिकणं जवळजवळ अशक्यच होतं. त्यात ना तुमची कसूर, ना सासूबाईंची. त्यांचा सल्ला मुळं धरलेल्या झाडासाठी अगदी बरोबर आहे.

काड्या बुडाशी काळ्या का पडल्या, तेही सांगते. नवं मूळ तयार होताना त्या जागेला प्राणवायू लागतो. 25 अंश तापमानाच्या लिटरभर पाण्यात जेमतेम 8 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, आणि पाणी 40 अंशांपर्यंत तापलं की तो साडेसहाच्या खाली येतो. काळी माती पाणी धरून ठेवते, भिजली की फुगते आणि तिच्यातली हवेची जागा बुजते. उन्हाने तापलेल्या कुंडीतल्या गरम चिखलात काडीचा श्वास कोंडतो आणि कुजवणाऱ्या बुरशीचं फावतं. आपली काळी माती ज्वारीला सोन्यासारखी, पण काडीच्या कुंडीत ती चिमूटभरही नको.

कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि धुतलेली जाडसर वाळू निम्मी निम्मी घ्या. वाळू बांधकामाची चालेल, चाळणीने बारीक गाळ काढून टाका आणि पाणी नितळ येईपर्यंत धुवा. कोकोपीटमध्ये बऱ्याचदा मीठ असतं. त्याची दाबलेली वीट मिळते, तिचा तुकडा बादलीत भिजवून ते पाणी दोन-तीनदा पिळून टाका. शेणखत, गांडूळखत, काहीच घालायचं नाही. मुळंच नाहीत तर खत खाणार कोण, उलट कुजायला निमित्त. तुमचे दीर शेतात ज्याला वाफसा म्हणतात तशी स्थिती या मिश्रणात हवी, ओलही आणि हवाही. मूठभर मिश्रण घेऊन जोर लावून पिळा. बोटांच्या फटीतून एखाद-दोन थेंब आले तर बरोबर. धार लागली तर पसरून सुकू द्या. मूठ उघडताच भुगा सुटला तर पाणी शिंपडून पुन्हा कालवा. ही परीक्षा काडी खोचण्याआधी करायची, कारण नंतर जास्तीचं पाणी काढून घेता येत नाही.

अक्कलकोट ते सोलापूर तास-दीड तासाचा रस्ता आहे, आणि बऱ्याच काड्या कुंडीपर्यंत पोचायच्या आधीच अर्ध्या मेलेल्या असतात. एसटीच्या खिडकीशी पिशवीतून डोकावणारी फांदी वाऱ्याने पार सुकते, आणि एकदा लुळी पडलेली काडी पाण्यात ठेवून ताठ झाली तरी तिची ताकद गेलेली असते. म्हणून फांद्या सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत कापा. त्या वेळी झाड रात्रभर पाणी पिऊन भरलेलं असतं. आदल्या संध्याकाळी आईला झाडाच्या बुंध्याशी भरपूर पाणी घालायला सांगा. कापल्या कापल्या कळ्या-फुलं खुडा, ओल्या कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि पिशवी उन्हात येऊ देऊ नका. घरी आल्यावर चहासुद्धा नंतर घ्या, आधी काड्या लावा.

काडी चार-पाच इंचांची, तीन पेरांची. पेर म्हणजे पान फुटतं तो सांधा. फार कोवळा हिरवा शेंडा नको आणि जून लाकूडही नको, या दोघांच्या मधला, वाकवला तर किंचित ताठपणा दाखवणारा भाग घ्या. खालचा काप पेराच्या लगेच खाली, धारदार पात्याने. कात्री बोथट असेल तर साल चेचते आणि चेचलेली जागा पहिली कुजते. खालची पानं काढा, वर दोनच ठेवा. जास्वंदीचं पान मोठं असतं, ते आडवं अर्धं कापा. सगळीच पानं काढली तर खर्च थांबेल असं वाटेल, पण तसं करू नका. मुळं फुटायला लागणारं अन्न आणि संप्रेरक त्याच पानातून खाली उतरतात. मुळं फुटण्याची पावडर, म्हणजे आयबीए असलेली, मिळाली तर बुडाला हलकीशी लावा, मुळं लवकर आणि जास्त येतात. मध, कोरफड, दालचिनी यांच्या मागे मी तुम्हाला लावणार नाही. दमट हवा नसेल तर पावडरसुद्धा काही करू शकत नाही.

काडी थेट दाबून खोचू नका, पेन्सिलीने भोक पाडा, त्यात काडी सोडा, भोवतीचं मिश्रण बोटाने दाबून घट्ट करा. पोकळी राहिली तर बूड कोरडं पडतं.

यानंतरचं काम सगळ्यात महत्त्वाचं आहे. दोन लिटरची रंग नसलेली कोल्ड्रिंकची बाटली घ्या, तिचं बूड कापा आणि कापलेली बाजू खाली, टोपण वर, अशी ती काडीवर बसवा. चार-पाच काड्या एका कुंडीत असतील तर पारदर्शक पिशवी घ्या, कुंडीच्या कडेला तीन सुक्या काटक्या उभ्या करून ती वर ताणा, पान पिशवीला चिकटता कामा नये, आणि काठाशी दोरीने बांधा. पानातून निघालेली वाफ आत कोंडते, थेंब होऊन खाली मिश्रणात पडते, तीच पुन्हा वर चढते. म्हणजे तुम्ही लावताना जी ओल दिलीत तीच आत फिरत राहते. नळाला पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या घरात ही पद्धत बसते ती यामुळेच. झाकलेल्या कुंडीला आठ-दहा दिवस पाणी द्यावं लागत नाही, आणि द्यायचं तेव्हाही फुलपात्रभर पुरतं.

ओल बरोबर आहे का, हे झाकणच दाखवतं. सकाळी आतून धुकं धरलेलं, बारीक दव दिसलं की सगळं ठीक आहे. मोठे थेंब ओघळत असतील, आत कोंदट वास येत असेल तर पाणी जास्त झालंय. संध्याकाळी टोपण काढून अर्धा-पाऊण तास हवा खेळू द्या, दोन-तीन दिवस तेच करा. सकाळी झाकण आतून स्वच्छ कोरडं दिसलं तर कुंडी उचलून बघा. लावल्या दिवशी हाताला तिचं वजन किती लागलं होतं ते लक्षात ठेवलं असेल तर हलकी झालेली लगेच कळते. मग वरून ओतू नका. पाण्याच्या ताटलीत कुंडी पंधरा-वीस मिनिटं ठेवा, खालून पिऊ द्या, आणि काढून निथळत ठेवा. ताटलीत पाणी साचवून कुंडी त्यातच सोडून दिली तर पुन्हा मे महिन्याचीच गोष्ट होईल. पडलेलं पान दिसलं की त्याच दिवशी उचला, बुरशी तिथूनच सुरू होते.

झाकलेली कुंडी थेट उन्हात एक तासही ठेवू नका, आतल्या आत काडी शिजेल. भरपूर उजेड पण ऊन नाही अशी जागा हवी. उत्तरेची खिडकी, जिन्याखालचा उजेड, शेडनेट असेल तर त्याच्याही आडोशाला. गच्चीच्या स्लॅबवर तर नकोच, तो रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत असतो. आणि आषाढातला आपला वारा विसरू नका. वाऱ्या पंढरपूरला पोचतात त्या दिवसांत इकडे आभाळ भरलेलं असतं, पाऊस मात्र दोन थेंब, आणि पश्चिमेचा वारा दिवसभर सुटलेला असतो. हवा गार म्हणून आपल्याला वाटतं काड्यांना छान आहे, पण तो वारा पानातलं पाणी उन्हाइतकंच ओढून नेतो. झाकण त्यासाठीही हवं. कूलरच्या झोतात ठेवायची कल्पना कुणी सुचवेल, ती याच कारणासाठी नको.

झाकण जमत नसेल किंवा काड्या बऱ्याच असतील तर मडक्याची रीत करा. मला स्वतःला ही फार आवडते. पसरट कुंडी घ्या, मधोमध कच्च्या भाजणीचं, रंग न लावलेलं छोटं मातीचं मडकं किंवा भोक बुजवलेली छोटी कुंडी पुरा, आणि भोवती काड्या लावा. मडक्यात पाणी भरून वर झाकणी ठेवा. भोवतालचं मिश्रण कोरडं होऊ लागलं की मडकं पाझरतं, ओलं असेल तेव्हा पाझर मंदावतो. म्हणजे किती पाणी द्यायचं हा तुमचा प्रश्न मडकंच सोडवतं. शेतात रोपांजवळ मडकी पुरतात त्यातलीच ही रीत. फक्त ध्यानात ठेवा की मडकं खालची ओल सांभाळतं, हवा दमट करत नाही. पानं असलेल्या काड्यांवर मडक्याबरोबर पिशवीही हवी. गावाला जायचं असेल तेव्हा तर दोन्ही असावंच.

पाणी कुठलं वापरायचं, याकडे लक्ष द्या. बोअरच्या पाण्यात क्षार असतात. कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो तो त्यांचाच, आणि कोवळ्या मुळाचं टोक त्याने जळतं. काड्यांना लागतंच किती पाणी! नळाचं पाणी एक-दोन दिवस उघड्या भांड्यात ठेवून तेच द्या, बोअरचं मोठ्या झाडांना जाऊ द्या. पागोळ्यांचं पावसाचं पाणी सगळ्यात चांगलं, आत्ता दोन बाटल्या भरून ठेवा. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र नको, त्यात क्षार साठलेले असतात.

मुलाच्या पेल्याबद्दल. मनीप्लांट, कोलियस पाण्यात झकास मुळं धरतात, त्याला ते करू द्या. जास्वंदही कधी कधी धरते. पण पाण्यात आलेली मुळं ठिसूळ असतात, मातीत लावताना मोडतात, आणि मोगऱ्याच्या बाबतीत तर मी ही वाट धरणार नाही. करायचंच तर जास्वंदीच्या एक-दोन काड्या ठेवा, एक पेर बुडेल इतकंच पाणी, रोज बदललेलं, आणि मूळ इंचभर होताच मिश्रणात लावा.

दोन-तीन आठवड्यांत काडीच्या डोळ्यातून हिरवा कोंब फुटेल. त्या दिवशी घरात आनंद होईल, आणि नेमका तिथेच घात होतो. काडीत साठलेल्या अन्नावर कोंब येतो, खाली मुळाचा पत्ता नसतो. लोक झाकण काढतात, कुंडी उन्हात ठेवतात, पाणी वाढवतात आणि चार दिवसांत कोंब मान टाकतो. कोंब आला तरी काहीही बदलू नका. आधी कुंडीच्या भोकातून पांढरं मूळ दिसतंय का बघा. किंवा काडी दोन बोटांत धरून अगदी अलगद वर ओढल्यासारखं करा, खालून अडवल्यासारखं वाटलं की मूळ धरलं. उपटून मात्र कधीच बघू नका, केसाएवढी मुळं त्यात तुटतात.

मूळ धरल्यावरही झाकण एकदम काढायचं नाही. दमट हवेत वाढलेल्या पानाला कोरडी हवा सोसत नाही. पहिले दोन-तीन दिवस नुसतं टोपण काढा, मग संध्याकाळी तासभर बाटली उचला, मग रात्रभर, असं करत आठ-दहा दिवसांत मोकळं करा. दुपारी पान लवलं तर घाबरू नका, पुन्हा झाका आणि दोन दिवस थांबा. यानंतर माती, शेणखत, सकाळचं कोवळं ऊन. आणि आता सासूबाईंच्या हाताने पाणी.

डाळिंबाचं गणित वेगळं आहे. त्याची जून, पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांबीची काडी पानं काढून लावतात. पान नाही म्हणून पाण्याचा खर्च कमी, त्यामुळे वर पिशवी लागत नाही. काडीचा दोन तृतीयांश भाग मिश्रणात जाऊ द्या, आणि खालचा वाफसा दोन महिने मोडू देऊ नका. डिसेंबर-जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास लावा, थंडीत काडी निवांत धरते. माझी काळजी दुसरी आहे. आपल्या जिल्ह्यात डाळिंबावरचा तेल्या हा जिवाणूंचा रोग आहे आणि तो काडीबरोबर, कात्रीबरोबर प्रवास करतो. दिरांच्या बागेत पानांवर किंवा फळांवर तेलकट डाग दिसले असतील तर तिथली काडी घेऊ नका, डाग नसलेल्या फांदीचीसुद्धा नको. शंका असेल तर आपल्याकडे केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, 2005 पासून डाळिंबावरच काम करतं, तिथे विचारून निरोगी रोप घेता येईल का ते बघा.

आता अक्कलकोटच्या झाडांसाठी एक गोष्ट काड्यांच्या आधी करा. ती झाडं अजून उभी आहेत, तर फांदी तोडण्याआधीच तिला मुळं फोडून घ्या. मोगऱ्याची लांब, जमिनीकडे झुकणारी फांदी निवडा, मधल्या एका पेराखाली सालीला तिरकी चीर द्या, तो भाग बोटभर खोल मातीत पुरा, वर दगड ठेवा, शेंडा बाहेर राहू द्या. याला दाब कलम म्हणतात. जास्वंदीच्या फांदीची इंचभर साल गोल काढा, खालचा बुळबुळीत थर पात्याने खरवडा, त्या जागी पिळून घेतलेलं ओलं मॉस, म्हणजे नर्सरीत मिळणारं शेवाळ, किंवा कोकोपीट मूठभर लावा आणि प्लॅस्टिकने दोन्हीकडून घट्ट बांधा. ही गुटी. दोन्हीत फांदी झाडालाच जोडलेली असते, आईचं झाड तिला पाणी पाजत राहतं, त्यामुळे वाळण्याचं भय फार कमी. गुटीतला गोळा मात्र पिळलेलाच हवा, ठिबकणारा नको, आणि पावसाचं पाणी वरून आत शिरणार नाही अशी गाठ मारा.

हे आषाढ-श्रावणातच करा. दोन्ही झाडांवर दोन-दोन फांद्या बांधा, एक गेली तरी एक राहील. त्याच फेरीत काड्याही कापून आणा. आईला एवढंच सांगा की पाऊस ओढला तर दाबलेल्या फांदीवर आठवड्यातून दोनदा तांब्याभर पाणी घालायचं आणि प्लॅस्टिक उघडून बघायचं नाही. नवरात्रात जाल तेव्हा गुटीच्या प्लॅस्टिकमधून मुळांची जाळी दिसेल, तिच्या खाली फांदी कापा. मोगऱ्याच्या दाबलेल्या जागेची माती हाताने बाजूला करून बघा. मुळं दाट असतील तर आईच्या झाडाकडचा भाग तोडा, विरळ असतील तर पुन्हा माती ओढा आणि दिवाळीपर्यंत थांबा. आणताना मुळांसकट गोळा ओल्या गोणपाटात बांधा. घरी आल्यावर त्यांनाही पहिले दहा दिवस सावली आणि पिशवी द्यायची आहे.